उभ्याने चालवायची इलेक्ट्रिक स्कूटर: सुरक्षा, नियम आणि वाद (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ही कोणती स्कूटर? सीटवर बसून चालवतात ती का?

नाही. सीट, डिकी आणि नंबरप्लेट असलेली इलेक्ट्रिक दुचाकी हा वेगळा विषय आहे आणि त्यात वादाला फारशी जागा नाही. ती मोटरसायकलच्या कुळातली, तिला मोटारवाहनाचे नियम लागू. इथे बोलायचंय ते लहान मुलं पायाने ढकलत खेळतात तशा दिसणाऱ्या स्कूटरबद्दल: एक फळी, पुढे उभी दांडी, वर हँडल, दोन छोटी चाकं, चाकातच बसवलेली मोटर आणि बहुतेक वेळा फळीच्या पोटात बॅटरी. उभं राहायचं, एकदा-दोनदा पाय मारायचा आणि अंगठ्याने थ्रॉटल दाबायचा. वजन साधारण १२ ते २५ किलो. दुमडली की हातात धरून जिना चढता येतो.

हिचं दुखणं असं की चालणाऱ्यांना ती फार वेगवान वाटते आणि मोटारवाल्यांना फार हळू. कुणालाच ती आपली वाटत नाही. खालचे बहुतेक प्रश्न याच एका अडचणीतून आलेत.

हे खूळ अगदी नवं आहे का?

पूर्णपणे नाही. १९१५च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये ‘ऑटोपेड’ नावाची अशीच उभ्याने चालवायची गाडी निघाली होती. ती बहुतांशी पेट्रोलवर चालायची आणि टपाल वाटण्यासाठीही वापरून पाहिली गेली. काही वर्षांतच ती बंद पडली. आजची लाट सुरू झाली सप्टेंबर २०१७ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका शहरात. ‘बर्ड’ या कंपनीने परवानगीची फार वाट न बघता भाड्याच्या स्कूटर फूटपाथवर आणून ठेवल्या. आधी गाड्या रस्त्यावर, मग नियमांची शोधाशोध, हा क्रम तिथे पडला आणि पुढे शहरोशहरी तसाच गिरवला गेला. लोकांच्या मनात या गाडीबद्दल जो राग आहे, त्यातला बराचसा या सुरुवातीवरचा आहे. (त्याच ‘बर्ड’ने डिसेंबर २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला.)

ही सायकलपेक्षा जास्त धोक्याची आहे का?

पडण्याच्या बाबतीत हो, आणि त्यामागे साधी भूमिती आहे. सायकलच्या चाकाची त्रिज्या साधारण ३४ सेंटिमीटर. या स्कूटरचं चाक आठ-दहा इंचांचं, म्हणजे त्रिज्या १० ते १३ सेंटिमीटर. समोर ३ सेंटिमीटरचा उंचवटा आला, तर सायकलचं चाक त्याला खालच्या बाजूला, तळापासून सुमारे २४ अंशांवर टेकतं आणि वर चढून जातं. १० सेंटिमीटर त्रिज्येचं चाक तोच उंचवटा ४५ अंशांवर गाठतं. तेवढ्यात गाडी चढत नाही, अडते. आणि गाडी अडली तरी वरचा माणूस अडत नाही.

त्यात भर म्हणजे दोन चाकांमधलं अंतर कमी आणि शरीराचा भार उंचावर. सायकलवर आपण सीट, पेडल आणि हँडल अशा तीन जागी टेकलेलो असतो. इथे पाय फळीवर नुसते ठेवलेले. पुढचा ब्रेक जोरात लागला की सगळा भार हातांवर येतो आणि माणूस हँडलवरून पुढे जातो. हँडलही हलकं असतं. एक हात सोडून वळणाचा इशारा करायला गेलात, तर दुसऱ्या हाताखालचं हँडल लगेच डगमगतं. म्हणून बऱ्याच गाड्यांना आता इंडिकेटर येतात. ते चैनीचे नाहीत, सगळ्यांनाच असायला हवेत.

माझ्या स्वतःच्या पडण्यात मोटार नव्हती, गर्दी नव्हती, वेगही फार नव्हता. नुकताच पाऊस थांबलेला. रस्त्यात ड्रेनेजचं झाकण आजूबाजूच्या डांबरापेक्षा दोन बोटं खाली बसलेलं आणि त्यात पाणी साचून सगळं सपाट दिसत होतं. पुढचं चाक त्यात गेलं, हँडल उजवीकडे फिरलं आणि मी डाव्या तळहातावर. मनगट दीड महिना प्लॅस्टरमध्ये होतं. सायकलवर त्याच झाकणावरून मी कित्येकदा गेलो असेन. फार तर एक गचका बसला असेल.

अपघात म्हणजे मोटारीची धडक, असंच ना?

मरणाच्या बाबतीत बहुतेकदा हो, दुखापतीच्या बाबतीत बहुतेकदा नाही. हा फरक वादात सारखा हरवतो.

अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेने टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात २०१८ सालच्या तीन महिन्यांतल्या स्कूटर-जखमींचा अभ्यास केला. दर एक लाख फेऱ्यांमागे सुमारे २० जण जखमी झाले होते. मुलाखती घेतलेल्यांपैकी साधारण तिसरा हिस्सा आयुष्यातल्या पहिल्याच फेरीत पडलेला. जवळपास निम्म्यांच्या डोक्याला मार लागलेला. आणि मोटारीशी प्रत्यक्ष धडक झालेले दहातले एकच. बाकीचे बहुतेक आपापले पडले. त्यांतल्या अनेकांनी खड्डा, भेग किंवा खराब पृष्ठभागाकडे बोट दाखवलं.

दुसरीकडे, आंतरराष्ट्रीय वाहतूक मंचाने २०२० मध्ये काढलेल्या अहवालात म्हटलं होतं की, सायकल आणि ई-स्कूटरवरच्या मृत्यूंपैकी ८० टक्क्यांहून अधिक मृत्यू जड वाहनाच्या धडकेने होतात.

ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत आणि दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. हाडं मोडणं थांबवायचं तर रस्ता गुळगुळीत हवा, चाक मोठं हवं आणि शिकणाऱ्याला चार फेऱ्या मोकळ्या जागेत मिळायला हव्यात. मरण थांबवायचं तर ट्रक आणि मोटारींपासून वेगळी मार्गिका हवी, नाहीतर त्यांचा वेग तरी उतरायला हवा. प्रत्यक्षात नियम करणाऱ्यांची गाडी येऊन थांबते ती हेल्मेटवर. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

म्हणजे हेल्मेटचा उपयोग नाही?

आहे. घाला. ऑस्टिनच्या त्या अभ्यासात हेल्मेट घातलेले एक टक्काही नव्हते, आणि डोक्याच्या दुखापती किती होत्या ते वर आलंच आहे. डेन्मार्कने १ जानेवारी २०२२ पासून हेल्मेट सक्तीचं केलं, इटलीने डिसेंबर २०२४ मध्ये सगळ्या वयांसाठी.

पण हेल्मेट काय करू शकतं हे माहीत असावं. सायकल हेल्मेटच्या युरोपीय मानकात, ईएन १०७८ मध्ये, ते सपाट लोखंडी पृष्ठभागावर सेकंदाला ५.४२ मीटर वेगाने आपटून तपासतात. हा वेग ताशी साडेएकोणीस किलोमीटर होतो. साधारण दीड मीटर उंचीवरून डोकं जमिनीवर पडलं तर जो वेग येईल तो हा. म्हणजे आपलं आपण पडण्यासाठी ते बनलंय, मोटारीच्या धडकेसाठी नाही. दुसरं म्हणजे, स्कूटरवरून पडणारा बऱ्याचदा तोंडावर पडतो. हनुवटी, दात, नाक यांच्यावर साधं सायकल हेल्मेट काही करत नाही. हनुवटी झाकणारं हेल्मेट मिळतं, पण ते घालून या गाडीवर फिरणारे मला क्वचितच दिसलेत.

सक्तीबद्दल माझं मत: स्वतःची गाडी रोज वापरणाऱ्यावर सक्ती करायला हरकत नाही. भाड्याच्या गाडीवर ती टिकत नाही, कारण माणूस ती ऐनवेळी घेतो आणि हेल्मेट घरी असतं. गाडीलाच हेल्मेट अडकवून देण्याचे प्रयोग झाले. ती हेल्मेटं चोरीला जातात, भिजतात आणि अनोळखी डोक्यावरचं हेल्मेट आपल्या डोक्यावर घ्यायला कुणी तयार नसतं.

वेगमर्यादा कुठे २०, कुठे २५. पाच किलोमीटरने असा काय फरक पडतो?

कागदावर किरकोळ वाटतो. जरा मोजून बघू. समजा समोर अचानक कुणी आलं, लक्षात येऊन ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला आणि ब्रेक बरा आहे (सेकंदाला साडेतीन मीटर प्रतिसेकंद इतका वेग उतरवणारा). ताशी २० ने येणारी स्कूटर सुमारे १० मीटरांत थांबते. ताशी २५ ने येणारीला जवळजवळ १४ मीटर लागतात.

आता त्या चार मीटरांकडे बघा. पहिली स्कूटर जिथे पूर्ण थांबली, त्याच ठिकाणी दुसरी अजून ताशी जवळजवळ पावणेएकोणीस किलोमीटरने जात असते. पहिलीने ज्या म्हाताऱ्या माणसाला नुसतं दचकवलं असतं, त्याला दुसरीने पाडलं असतं. शिवाय धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. २० वरून २५ वर गेलं की ती दीडपटीहून जास्त होते.

जर्मनीने २० धरलं, फ्रान्सने २५, ब्रिटनच्या भाड्याच्या चाचण्यांत ताशी साडेपंधरा मैल म्हणजे २५च. जपानने रस्त्यावर २० आणि परवानगी असलेल्या ठरावीक फूटपाथवर ६. त्या वेळी गाडीवरचा हिरवा दिवा लुकलुकत ठेवावा लागतो, म्हणजे ती हळू चालवण्याच्या मोडवर आहे हे लांबून दिसतं. मला हा दिव्याचा उपाय आवडला. पोलिसाला वेग मोजत बसायला नको.

पण या गाड्या तर ५०-६० ने पळतात. मर्यादा पाळतंय कोण?

बरोबर आहे. दोन मोटरी असलेल्या, जड आणि मोटरसायकलच्या वेगाने जाणाऱ्या गाड्या दुकानात मिळतात आणि ‘फक्त खासगी जागेत वापरण्यासाठी’ अशी बारीक ओळ छापून विकल्या जातात. एवढी मोठी खासगी जागा किती गिऱ्हाइकांकडे असते, हे विचारायला नको. साध्या गाडीचीही मर्यादा अनेकदा सॉफ्टवेअरमध्ये असते आणि ती उठवायचे उपाय इंटरनेटवर पडलेले आहेत. यात चालवणाऱ्याला पकडण्यापेक्षा विकणाऱ्याला धरणं सोपं आणि परिणामकारक आहे. विक्री मोकळी ठेवून वापरावर बंदी घातली, तर पोलीस आणि पोरं यांचा लपंडाव तेवढा सुरू होतो.

याचं ठळक उदाहरण ब्रिटन. तिथे स्वतःची ई-स्कूटर विकत घ्यायला काही आडकाठी नाही. पण कायद्याच्या लेखी ती मोटारवाहन, त्यामुळे तिला विमा वगैरे हवा, आणि तो मिळण्याची सोय नाही. परिणामी सार्वजनिक रस्त्यावर ती बेकायदा. जुलै २०२० पासून काही शहरांत सुरू झालेल्या चाचण्यांमधल्या भाड्याच्या गाड्या मात्र रस्त्यावर चालतात. शेजारी शेजारी दोन सारख्याच गाड्या, एक कायदेशीर आणि एक जप्त होणारी. फूटपाथवर बंदी आहे ती तर १८३५च्या महामार्ग कायद्याने, म्हणजे पेट्रोलची मोटार जन्मायच्या आधीच्या.

फूटपाथवर चालवायला काय हरकत आहे? रस्त्यावर जिवाची भीती वाटते.

या सगळ्या वादाचं मूळ इथे आहे, म्हणून जरा सविस्तर.

फूटपाथवर चालणाऱ्याचा वेग ताशी पाच किलोमीटर. तो सरळ रेषेत चालत नाही. थांबतो, वळतो, मुलाचा हात सोडतो, फोनमध्ये बघतो. त्याला तसं करायचा हक्क आहे, कारण सगळ्या रस्त्यावर बेसावध राहण्याची मुभा असलेली तेवढी एकच जागा उरली आहे. तिथे मागून आवाज न करता २० ने येणारी वस्तू शिरली की ती मुभा संपते. धडक झालीच पाहिजे असं नाही. एकदा दोन बोटांच्या अंतरावरून गाडी गेली, की गुडघे दुखणारी आजी दुसऱ्या दिवसापासून बाहेर पडत नाही. हे कुठल्याच अपघाताच्या नोंदीत येत नाही.

आवाजाचा मुद्दा साधा नाही. इलेक्ट्रिक मोटारींना कमी वेगात कृत्रिम आवाज काढणारं यंत्र युरोपात सक्तीचं झालं, ते मुख्यतः दृष्टिहीन लोकांसाठी. या स्कूटरना तशी सक्ती नाही.

तर फूटपाथ नको, हे मान्य. फ्रान्स, जर्मनी, स्वीडन, स्पेन सगळ्यांनी हेच ठरवलं. पण चालवणारे फूटपाथवर का चढतात, हा प्रश्न तितकाच खरा आहे. दंडेलीने चढणारे थोडे. बहुतेक जण चढतात ते बाजूने बस घासून गेली म्हणून. ‘फूटपाथवरून उतर’ एवढंच सांगून उतरायला जागा दिली नाही, तर धोका कमी होत नाही, फक्त चालणाऱ्याच्या अंगावरचा उचलून चालवणाऱ्याच्या अंगावर टाकला जातो.

सिंगापूरमध्ये हे लख्ख दिसलं. तिथे ५ नोव्हेंबर २०१९ पासून फूटपाथवर ई-स्कूटरला मनाई झाली, मोडल्यास दंड आणि तुरुंगवाससुद्धा. रस्त्यावर ती आधीपासूनच निषिद्ध होती. उरल्या फक्त सायकल मार्गिका, त्या वेळी सगळ्या देशात मिळून सुमारे ४४० किलोमीटर. चालणाऱ्यांनी सुटकेचा श्वास टाकला, आणि तो योग्यच होता. पण ज्यांचं पोट घरोघर जेवण पोहोचवण्यावर होतं, ती मुलं एका रात्रीत अडकली. निदर्शनं झाली, मग सरकारने दुसरी वाहनं घेण्यासाठी मदत जाहीर केली. निर्णय चुकला असं मी म्हणणार नाही. मार्गिका आधी आणि मनाई नंतर झाली असती, तर त्याची किंमत सगळ्यांत गरिबाने भरली नसती.

मग योग्य जागा कोणती?

सायकल मार्गिका. ती नसेल तर ताशी ३० किंवा कमी वेगाचे आतले रस्ते. ताशी ५० आणि वरच्या वाहतुकीत २० ने जाणारा उभा माणूस हा नियमात बसत असला तरी शहाणपणात बसत नाही.

सायकलवाल्यांची तक्रार असते की आमची मार्गिका यांनी व्यापली. वेग जवळपास सारखा, रुंदी कमीच, तेव्हा मला ती तक्रार फारशी पटत नाही. दोघांनी मिळून रुंद मार्गिका मागितली तर मिळण्याची शक्यता वाढते.

लायसन्स लागावं का? वयाची अट किती?

देशोदेशी वेगळं आहे. जर्मनीत १४ वर्षं पूर्ण हवीत, लायसन्स नको. फ्रान्सने १२ वरून २०२३ मध्ये १४ केलं. जपानने जुलै २०२३ च्या नियमांत १६ ठेवलं, लायसन्स नको. ब्रिटनच्या चाचण्यांत निदान शिकाऊ लायसन्स लागतं.

या बाबतीत दक्षिण कोरियाची धरसोड बघण्यासारखी आहे. डिसेंबर २०२० मध्ये त्यांनी नियम सैल केले: वय १३, लायसन्स नको. टीका इतकी झाली की पाच महिन्यांत, १३ मे २०२१ ला, सगळं उलटं फिरवलं. आता लायसन्स हवं, त्यामुळे वय आपोआप १६, आणि हेल्मेट नसेल तर दंड.

मला लायसन्सपेक्षा पहिल्या दहा फेऱ्या महत्त्वाच्या वाटतात. पडणाऱ्यांत नवखे इतके असतील, तर भाड्याच्या गाडीचा वेग पहिल्या काही फेऱ्यांत आपोआप कमी ठेवणं हा परीक्षा घेण्यापेक्षा स्वस्त उपाय आहे. काही कंपन्या तसं करतातही.

नंबरप्लेट आणि विमा कशासाठी? सायकलला कुठे असतो?

सायकलला नसतो, खरं आहे. पण धडक देऊन निघून गेलेल्याला शोधायचं कसं आणि मोडलेल्या पायाचा खर्च कुणी द्यायचा, याचं उत्तर काहीतरी लागतंच. जर्मनीची पद्धत सुटसुटीत आहे. जून २०१९ पासून तिथे गाडीच्या मागे विम्याचं छोटं स्टिकर चिकटवावं लागतं. ते दरवर्षी बदलतं आणि त्याचा रंगही बदलतो, म्हणजे विमा संपलेला लांबूनच कळतो. नोंदणी कार्यालयात खेटे घालावे लागत नाहीत. पूर्ण नंबरप्लेट आणि कागदपत्रांचं ओझं टाकलं तर लोक गाडी सोडत नाहीत, कागदपत्रं सोडतात.

पॅरिसने बंदी घातली ना? मग विषय संपला.

पॅरिसने भाड्याच्या गाड्या हटवल्या. स्वतःच्या स्कूटरवर तिथे बंदी नाही. हा फरक बातम्यांच्या मथळ्यांत गळून पडला.

झालं असं. २०१८ पासून डझनभर कंपन्या शहरात उतरल्या, नंतर परवाने देऊन तीन कंपन्या आणि १५ हजार गाड्या एवढंच ठेवलं. २०२१ मध्ये सीन नदीकाठी चालणारी एक तरुणी दोघं चढलेल्या स्कूटरच्या धडकेने गेली आणि वातावरण तापलं. शहरात शेकडो ठिकाणी वेग १० वर आणला. शेवटी २ एप्रिल २०२३ ला सार्वमत झालं. सुमारे ८९ टक्के मतं भाड्याच्या गाड्यांच्या विरोधात. मतदान मात्र साडेसात टक्क्यांच्या आसपास. ऑनलाइन मत देण्याची सोय नव्हती आणि या गाड्या वापरणारी तरुण मंडळी रविवारी रांगेत उभी राहायला फारशी आली नाहीत. त्याच वर्षी ऑगस्टअखेर गाड्या गेल्या. मेलबर्नच्या महापालिकेनेही ऑगस्ट २०२४ मध्ये भाड्याच्या गाड्या काढायचं ठरवलं, माद्रिदने त्याच सुमारास परवाने रद्द केले.

या उदाहरणांतून मी एवढंच घेतो: भाड्याची गाडी आणि स्वतःची गाडी हे दोन वेगळे प्रश्न आहेत. स्वतःची गाडी माणूस फूटपाथवर आडवी टाकून जात नाही, तिचा ब्रेक तपासतो आणि तिच्यावर कसं वळायचं हे त्याला कळलेलं असतं. तिचा धोका म्हणजे वेग आणि बॅटरी. भाड्याच्या गाडीचा वेग कंपनीच्या हातात असतो. तिचा धोका म्हणजे नवखे हात आणि वाटेत पडलेला सांगाडा. दोघींना एकच नियम लावला की एकीचं दुखणं तसंच राहतं.

वाटेत पडलेल्या गाड्यांचा एवढा बाऊ का? उचलून बाजूला ठेवावी.

डोळ्यांना दिसणाऱ्याला हे सोपं आहे. पांढरी काठी घेऊन चालणारा माणूस काठी जमिनीलगत डावीकडे-उजवीकडे फिरवत जातो. आडव्या पडलेल्या स्कूटरची दांडी एका टोकाला जमिनीपासून वीतभर वर असते. काठी तिच्या खालून सरकते आणि नडगी लोखंडावर आपटते. व्हीलचेअरवाल्याला तर वळसा घालायचा म्हणजे फूटपाथवरून खाली उतरायचं, आणि तिथे उतार असेलच असं नाही.

उपाय सापडलेला आहे: ठरलेल्या जागीच गाडी ठेवता येईल, नाहीतर भाडं चालूच राहील. कोपनहेगनने २०२० मध्ये शहराच्या मध्यभागातून गाड्या हाकलल्या आणि २०२१ मध्ये पार्किंगच्या अटी घालून परत येऊ दिल्या. ऑस्लोने त्याच वर्षी संख्येवर ८ हजारांची मर्यादा आणली. मोटारीची एक पार्किंगची जागा काढली की अशा कितीतरी स्कूटर मावतात. पण मोटारीची जागा काढायची म्हटलं की सभागृहात भलताच आवाज होतो.

जीपीएसने गाडीला फूटपाथ ओळखता येत नाही का?

नुसत्या जीपीएसने नाही. उंच इमारतींमध्ये त्याची चूक काही मीटरांची असते आणि फूटपाथ-रस्त्यातलं अंतर एका पावलाचं. एखादा चौक किंवा बाग ‘हळू’ म्हणून आखायला ते पुरतं. कॅमेरा किंवा कंपनांवरून पृष्ठभाग ओळखणाऱ्या यंत्रणाही आल्यात. एक सावधगिरी मात्र हवी: आखलेल्या सीमेवर गाडीचा वेग झपकन उतरला तर मागचा येऊन आदळतो. वेग हळूहळू उतरायला हवा.

बॅटरी पेट घेते म्हणतात. घरात ठेवावी का?

लिथियम-आयन सेल आतून बिघडला की तापतो, तापल्याने आणखी बिघडतो आणि शेजारच्या सेललाही घेऊन जातो. आग विझल्यासारखी वाटली तरी पुन्हा भडकते आणि धूर विषारी असतो. लंडनमध्ये रेल्वेत आगी लागल्यावर १३ डिसेंबर २०२१ पासून तिथल्या वाहतूक संस्थेने खासगी ई-स्कूटर दुमडूनही आत आणायला मनाई केली. न्यूयॉर्कने सप्टेंबर २०२३ पासून सुरक्षा मानकाचं प्रमाणपत्र नसलेल्या गाड्यांच्या विक्रीवर बंदी आणली. स्कूटरसाठी ते मानक यूएल २२७२. सिंगापूरने तेच त्याआधी सक्तीचं केलं होतं.

घरात ठेवायची तर बाहेर पडण्याच्या दाराजवळ चार्ज करू नका. आग लागली तर वाट तीच असते, आणि नेमका तिथेच सॉकेट सोयीचा असतो. रात्रभर लावून झोपू नका. पाण्यात बुडालेली किंवा जोरात आपटलेली बॅटरी दिसायला ठीक असली तरी ठीक धरू नका. आणि चार्जर बदलू नका: ३६ व्होल्टची बॅटरी ४२ व्होल्टला पूर्ण भरते, ४८ व्होल्टच्या गाडीचा चार्जर ५४ व्होल्टच्या वर देतो, आणि दोघांची पिन तंतोतंत सारखी असू शकते. पिन बसली म्हणजे चार्जर चालतो, हा समज घातक आहे.

विमानात नेता येते का, असंही विचारतात. प्रवाशाला परवानगीशिवाय १०० वॉट-तास (बॅटरीत साठणाऱ्या ऊर्जेचं माप) आणि विमान कंपनीच्या संमतीने १६० पर्यंतची बॅटरी चालते. साध्या स्कूटरची ३५०च्या आसपास असते. त्यामुळे नाही.

दोघं उभे राहिले तर?

नको. ब्रेक एका माणसाच्या वजनाचा आहे आणि मागचा पडताना पुढच्याला धरतो.

थोडी घेतली असेल तर मोटारीपेक्षा ही बरी ना?

पोलिसांच्या लेखी अनेक ठिकाणी फरक नाही. जर्मनीत मोटारीचीच मर्यादा हिला लागू. २०१९च्या म्युनिकच्या ऑक्टोबर उत्सवात शेकडो लोक अशा स्कूटरवर पकडले गेले, आणि अनेकांचं लायसन्स गेलं ते मोटारीचं. नॉर्वेने २०२२ मध्ये रक्तातल्या अल्कोहोलसाठी ०.२ प्रतिसहस्र ही कडक मर्यादा लावली. तोल हाच जिचा आधार, त्या गाडीवर हे व्हायचंच.

अपघातांचे आकडे दर ठिकाणी वेगळे का?

कारण बरीच वर्षं कुणी वेगळे मोजलेच नाहीत. जर्मनीने २०२० पासून अपघात-नोंदीत यांचा वेगळा रकाना केला. अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या संकेतप्रणालीत उभ्याच्या ई-स्कूटरला स्वतंत्र संकेतांक मिळाला तो ऑक्टोबर २०२० मध्ये. त्याआधी कुणी ‘मोपेड’ लिहायचं, कुणी ‘खेळण्यावरून पडला’. शिवाय आपला आपण पडून प्लॅस्टर घालून घरी आलेला माणूस पोलिसांकडे जात नाही. मीही गेलो नव्हतो.

घ्यायचीच आहे. काय बघू?

चाक दहा इंचांचं आणि हवेचा टायर. ठोस रबराला पंक्चर होत नाही हे खरं, पण प्रत्येक गचका मनगटात येतो आणि ओल्या रस्त्यावर पकड कमी. पुढे-मागे स्वतंत्र ब्रेक हवेत, नुसता मागच्या मडगार्डवर पाय दाबायचा नको. दुमडायच्या बिजागरीचं कुलूप हाताने हलवून बघा, दांडी जराही खुळखुळली तर ती गाडी ठेवून या. पुढचा दिवा आपल्याला रस्ता दिसण्यासाठी, मागचा आपण दिसण्यासाठी. पाण्यापासून संरक्षणाचा आकडा तपासा, पण त्यावर विसंबून पावसात निघू नका.

तेरा वर्षांचा मुलगा मागतोय. देऊ का?

तुम्ही राहता तिथला वयाचा नियम आधी बघा, बहुतेक ठिकाणी उत्तर तिथेच मिळेल. नियमात बसत असेल तर त्याला आधी पायाने ढकलायची, बिनमोटरची स्कूटर किंवा सायकल सहा महिने चालवू द्या. त्यानंतर रिकाम्या मैदानात त्याला पूर्ण वेगात नेऊन ‘थांब’ म्हणा आणि तो कुठे थांबला तिथे खडूने रेघ मारा. मग ओल्या जमिनीवर तेच करा. दोन रेघांमधलं अंतर त्याने स्वतः पावलांनी मोजलं की पुढचं बोलणं सोपं जातं.